टपालपेटीची किल्ली

मुलुंड पूर्वेला मिठागर रोडच्या बाजूला आमची जुनी इमारत होती. तळमजला अधिक तीन मजले, सोळा बिऱ्हाडे, लिफ्ट नाही. २०२१ मध्ये ती पुनर्विकासासाठी रिकामी करावी लागली. त्या वेळी प्रत्येकाने काही ना काही जपून बरोबर नेले. कोणी दारावरची पितळी पाटी, कोणी खिडकीचे गज. आईने नेली ती जिन्याखालच्या टपालपेटीची किल्ली. पेटी तिथेच राहिली, पुढे इमारतीबरोबर गेली. कुलूपही गंजून निकामी झालेले होते. ‘आता काय करायचीय ही?’ असे मी विचारले, तेव्हा ती म्हणाली, ‘माझ्याकडे फार उशिरा आली, म्हणून.’ सामान बांधण्याच्या गडबडीत मी या उत्तराकडे लक्ष दिले नाही. नंतर तिच्या ट्रंकेतले पत्रांचे दोन गठ्ठे माझ्याकडे आले आणि ते वाचताना या उत्तराचा अर्थ हळूहळू उलगडत गेला.

टपालाविषयी आपल्याकडे जे स्मरणरंजनपर लेखन होते, त्यात दारात येणारा पोस्टमन हा हमखास येतो. सायकल, खाकी गणवेश, खांद्यावरची पिशवी, त्याला दिलेले पाणी, दिवाळीची पोस्त. हे सारे मीही पाहिले आहे आणि त्याची मलाही ओढ आहे. पण घरोघरी येणारे टपाल जाऊन तळमजल्यावर सामाईक पेट्या आल्या, या लहानशा बदलाने घराच्या आत काय बदलले, याची नोंद मला कुठे वाचायला मिळाली नाही. निदान आमच्या घरापुरती ती करावी, एवढाच या लेखनाचा हेतू.

आमचे घर मूळचे गिरगावातल्या चाळीतले. तिथे पत्र खाजगी असण्याचा प्रश्नच नव्हता. पोस्टमन चाळीच्या चौकात उभा राहून नाव पुकारी आणि ज्याचे पत्र असेल तो येण्याआधी तीन शेजारी गॅलरीत आलेले असत. त्यातून ते पोस्टकार्ड असले तर वाटेत ज्याच्या हाती पडे त्याने ते वाचणे हा गुन्हा समजला जात नसे. हिंदुस्थानात पोस्टकार्ड १ जुलै १८७९ रोजी सुरू झाले. स्वस्त आणि उघडे. मराठी कुटुंबांची ‘इकडील सर्व क्षेम’ ही भाषा त्या उघडेपणातूनच घडली असावी, असे मला अनेकदा वाटते. वाटेत चार माणसे वाचणार, हे ठाऊक असलेला माणूस क्षेमच लिहितो.

१९७९ मध्ये आम्ही मुलुंडला आलो तेव्हा मी चार वर्षांची होते. गिरगाव, दादर, परळच्या चाळींतून असंख्य मराठी कुटुंबे त्या काळात मुलुंड, बोरिवली, डोंबिवलीच्या ‘सेल्फ कंटेन्ड’ घरांत येत होती. स्वतःचे दार, स्वतःचा संडास, स्वतःची भिंत. आईला या स्थलांतरात दोन गोष्टी सोडाव्या लागल्या. एक म्हणजे फोर्टातली टंकलेखिकेची नोकरी, कारण मला सांभाळायला इथे शेजार नव्हता. दुसरी म्हणजे बोलायला माणूस. बाबा सकाळी आठच्या सुमाराच्या लोकलने व्हीटीला जात आणि संध्याकाळी सातनंतर परतत. मधला दिवस आईचा होता आणि त्या दिवसाच्या मध्यावर, दुपारी एक-दीडच्या सुमारास, पोस्टमनकाका तिसऱ्या मजल्यापर्यंत चढून येत.

या वेळेचे महत्त्व मला आता कळते. दुपारी एक वाजता उपनगरातल्या घरात फक्त बाई असे. पुरुष कचेरीत, मुले शाळेत. त्यामुळे पत्रावर नाव कोणाचेही असो, दार उघडून ते हातात घेणारी आणि बहुधा पहिल्यांदा वाचणारी व्यक्ती घरातली स्त्री असे. कोणी ठरवून दिलेला हा अधिकार नव्हता. टपालाच्या फेरीची वेळ आणि कचेरीची वेळ यांच्या योगायोगातून तो निर्माण झाला होता. म्हणूनच तो जेव्हा गेला, तेव्हा काही गेले आहे हेही कोणाच्या लक्षात आले नाही.

आईची पत्रे येत ती मुख्यतः मावशीकडून. मावशी तिची थोरली बहीण, रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका खेड्यात शिक्षिका, अविवाहित. ती पोस्टकार्ड क्वचितच पाठवी. निळे आंतर्देशीय पत्र पाठवी. तीन घड्या, कडांना खळ, आणि चिकटवण्याच्या पट्टीवरसुद्धा आडवे करून लिहिलेले दोन शब्द. आई ते पत्र दारात उभ्याउभ्याच फोडी. मग मला ताक-भात कालवून देताना पुन्हा एकदा वाची.

१९८३ मध्ये सोसायटीच्या वार्षिक सभेत टपालपेट्यांचा ठराव झाला. कारणे रास्त होती. आजूबाजूला इमारती भराभर उठत होत्या, पोस्टमनच्या बीटात घरे वाढत होती, आणि आमचे पोस्टमनकाका निवृत्तीला आलेले होते. तीन-तीन मजले दिवसातून कितीदा चढायचे? बहुमजली इमारतींत साधे टपाल तळमजल्यावरच्या पेट्यांत टाकायचे आणि रजिस्टर, मनीऑर्डर तेवढी दारात न्यायची, ही पद्धत मुंबईत रुळलेली होतीच. ती आमच्याकडे आली, इतकेच. सुताराने जिन्याखालच्या भिंतीवर सोळा कप्प्यांचे लाकडी खोके बसवले. प्रत्येक कप्प्याला पत्र टाकण्यापुरती आडवी फट, फटीच्या कडेला पत्रा, छोटी कडी आणि तिला छोटे कुलूप. वर पांढऱ्या रंगात घराचा क्रमांक आणि कुटुंबप्रमुखाचे नाव. सोळा नावे, त्यांत एक सोडून सगळी पुरुषांची. ती एक होती तळमजल्यावरच्या विधवा आजींची.

पोस्टमनकाका त्यानंतर वर येत ते रजिस्टर असले तर, आणि दिवाळीच्या पोस्तीसाठी. खोक्याची मापे पत्राच्या मापाने घेतलेली होती, त्यामुळे बुकपोस्टाने येणारे दिवाळी अंक फटीतून जात नसत. ते खोक्याच्या माथ्यावर ठेवलेले असत. सोळा घरांतल्या ज्याला हवा तो ते चाळून पुन्हा जागेवर ठेवी. सामाईकपणाचा एवढाच एक आनंद त्या खोक्याने आम्हांला दिला.

कुलपाला दोन किल्ल्या होत्या. एक बाबांच्या जुडग्यात कचेरीच्या ड्रॉवरच्या किल्लीशेजारी गेली. दुसरी हरवू नये म्हणून कपाटाच्या लॉकरमध्ये. रोज संध्याकाळी बाबा जिना चढण्याआधी पेटी उघडत आणि जे असेल ते घेऊन वर येत. मावशीचे पत्र असले तर जिन्यातल्या दिव्याखाली ते फोडून वाचायला सुरुवातही झालेली असे. यात काही वाईट हेतू होता असे मी म्हणणार नाही. त्यांच्या दृष्टीने घरी आलेले पत्र हे घराचे पत्र होते. त्यांना मावशीविषयी आदर होता. चहा घेताना ते तिचे पत्र मोठ्याने वाचून दाखवत, मध्येमध्ये तिच्या शुद्धलेखनाचे कौतुक करत. आई चहाचा कप हातात धरून स्वतःला आलेले पत्र दुसऱ्याच्या आवाजात ऐके.

तिने किल्ली मागितली असती तर बाबांनी ती नक्की दिली असती. पण तिने मागितली नाही. मागितली असती तर कशाला हवी, हे सांगावे लागले असते आणि त्या प्रश्नाला तिच्यापाशी सांगण्याजोगे उत्तर नव्हते. लपवण्यासारखे काही नसताना काही स्वतःपुरते असावे, या इच्छेला आमच्या घरात शब्द नव्हता. बहुधा आमच्या भाषेतही नव्हता. ‘खाजगी’ म्हटले की लपवाछपवीचा वास येई.

मग दुपारी एक खेळ सुरू झाला. पोस्टमन येऊन गेला की आई मला घेऊन खाली उतरे. माझा हात लहान होता. फटीतून मनगटापर्यंत आत जाई, आणि नसेल पोहोचत तर आईची विणकामाची सुई असे. मी पत्र वर ओढून काढी. पत्र्याच्या कडेने मनगटावर लाल रेघ उमटे. पोस्टकार्ड असले तर आई तिथेच जिन्याखाली वाचून मला परत टाकायला सांगे. आंतर्देशीय असले तर मात्र ती ते फोडत नसे. फोडलेले पत्र पेटीत कसे परत टाकणार? ती फक्त अक्षर पाही, मागेपुढे करी, जाडी चाचपून पाही, आणि ‘टाक’ म्हणे. संध्याकाळी तेच पत्र वर आले की तिला ते नव्यानेच कळल्यासारखे ती ऐके. मला हा खेळ फार आवडे. तो खेळ नव्हता हे समजायला मला चाळिशी ओलांडावी लागली.

आता त्या दोन गठ्ठ्यांविषयी. मावशी २००९ मध्ये गेली. आईने तिला लिहिलेली सगळी पत्रे तिने सांभाळून ठेवली होती. ती भाच्याने आईकडे पोहोचवली. मावशीची पत्रे आईपाशी होतीच. त्यामुळे दोन्ही बाजूंचा पत्रव्यवहार, जसा अभ्यासकांना क्वचितच मिळतो, तसा माझ्या हाती आला. मी महाविद्यालयात मराठी शिकवते. पत्रवाङ्मय शिकवताना सुनीताबाई देशपांडे यांचे ‘प्रिय जी. ए.’ हे पुस्तक आणि जी. ए. कुलकर्णींच्या निवडक पत्रांचे खंड माझ्या टेबलावर असतात. धारवाड आणि पुणे-मुंबई यांच्यामध्ये टपालाने ये-जा केलेले ते लेखन आपण एका मनाने दुसऱ्या मनाशी केलेला संवाद म्हणून वाचतो. पत्र कोणत्या दारात पडले, कोणी उचलले, कोणी आधी उघडले, हे प्रश्न आपण विचारत नाही. कारण त्या पत्रांच्या बाबतीत ते विचारावेसे वाटत नाहीत. आईच्या पत्रांनी मला ते विचारायला लावले.

तारखांच्या क्रमाने लावल्यावर गठ्ठ्यातला सांधा बोट ठेवून दाखवता येतो. १९८३ च्या आधीची मावशीची पत्रे कडेपर्यंत भरलेली आहेत. मायना नुसता ‘प्रिय’. त्यांत शाळेतली भांडणे आहेत, स्वतःच्या नावावर चार गुंठे जागा घेण्याचा तिचा बेत आणि भावांचा त्याला विरोध आहे, रात्री येणारी भीती आहे. आणि पुन्हा पुन्हा येणारा एक विषय आहे : आईने एस.एन.डी.टी. विद्यापीठाची बहिःस्थ परीक्षा देऊन बी. ए. व्हावे. अर्ज कधी मिळतो, कोणते विषय घ्यावेत, घरात कधी आणि कसे सांगावे. आईच्या उत्तरांतून दिसते की तिने विषयही ठरवले होते. फक्त सांगायचे बाकी होते.

१९८३ च्या पावसाळ्यातल्या एका पत्रात आई कळवते की इमारतीत पेट्या बसल्या आहेत आणि आता टपाल संध्याकाळी वर येते. एवढेच. तक्रार नाही, सूचनाही नाही. पण मावशी शिक्षिका होती, दोन ओळींमधले तिला वाचता येत होते. त्यानंतरच्या तिच्या पत्रांचा मायनाच बदलतो. ‘सौ.’ लागते, बाबांना साष्टांग नमस्कार येतो, मला अनेक आशीर्वाद येतात. पाऊस, आंबा, कोणाचे लग्न, कोणाचे आजारपण, लोभ असावा. परीक्षेचा विषय दोनदा डोकावतो, तोही ‘मागे लिहिले होते त्याचे काय ते पाहावे’ इतक्या सांकेतिक भाषेत. मग तोही थांबतो. चार गुंठ्यांचे पुढे काय झाले तेही पत्रांतून कळत नाही. पुढे भेटीत झाले असेल ते बोलणे झाले असेल.

पेटीमुळे आई बी. ए. झाली नाही, असे म्हणणे अतिशयोक्ती होईल. ती न होण्याला इतर दहा कारणे होती, त्यांतले एक मी स्वतः आणि दुसरे १९८४ मध्ये जन्मलेली माझी बहीण. पण एवढे मात्र मी शिक्षिका म्हणून, संहिता समोर ठेवून सांगू शकते : वाचक बदलला तशी भाषा बदलली. निळ्या बंद पत्राला पुन्हा पोस्टकार्डाची भाषा आली. चाळ सोडून आम्ही स्वतःचे दार मिळवले, आणि त्या दारात येणारे पत्र चार वर्षांनी पुन्हा चौकात जाऊन पडले.

पत्त्याविषयीही इथे थोडे बोलायला हवे. आपल्या पत्त्यात शेवटी जे सहा अंक येतात, ती पिनकोडची पद्धत १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झाली. ती आखणारे श्रीराम भिकाजी वेलणकर हे टपाल खात्यातले मोठे अधिकारी, आणि संस्कृतचे कवी. साहित्याच्या लोकांना ही गोष्ट ठाऊक असायला हवी. ४०००८१ मधला चार हा प्रदेश, पहिले तीन अंक मिळून वर्गवारीचा जिल्हा, आणि शेवटचे तीन आमचे मुलुंड पूर्वेचे टपालघर. छंदाच्या गणांसारखी नेमकी रचना. ती पत्राला त्याच्या टपालघरापर्यंत बिनचूक आणून सोडते. तिथून पुढचे काम माणसाचे होते. कोणत्या घरात म्हातारी एकटी आहे, कोणाचे अक्षर आले की कोण हसते, कोणाच्या हाती पत्र द्यावे आणि कोणाच्या हाती देऊ नये, हे आमच्या पोस्टमनकाकांना ठाऊक होते. पेटीला फक्त क्रमांक ठाऊक होता. आता मे २०२५ पासून टपाल खात्याने ‘डिजिपिन’ आणला आहे. देशाची सुमारे चार मीटर लांब-रुंद चौकोनांत विभागणी आणि प्रत्येक चौकोनाला दहा अक्षरांकांचा संकेत. तो अक्षांश-रेखांशांवरून ठरतो, त्यामुळे टोलेजंग इमारतीत एकावर एक असलेल्या घरांना तो वेगळे करू शकत नाही. पत्ता कितीही बारीक झाला तरी शेवटचा जिना राहतोच.

माझी बहीण टोरोंटोजवळच्या मिसिसागात राहते. तिच्या घरापासून दोन मिनिटांवर, रस्त्याच्या वळणावर, धातूची एक मोठी पेटी उभी आहे. आजूबाजूच्या घरांचे टपाल तिच्या कप्प्यांत येते. कॅनडात नव्या वसाहतींसाठी अशा सामाईक पेट्या १९८० च्या दशकापासूनच्या. डिसेंबर २०१३ मध्ये तिथल्या टपाल संस्थेने दारात टपाल येणाऱ्या सुमारे पन्नास लाख पत्त्यांनाही पेट्यांवर आणण्याचे जाहीर केले. वृद्ध आणि अपंग माणसांनी बर्फातून चालत कसे जायचे, यावरून मोठा विरोध झाला, २०१५ च्या ऑक्टोबरमध्ये ते काम थांबले, आणि सप्टेंबर २०२५ मध्ये सरकारने उरलेल्या सुमारे चाळीस लाख पत्त्यांसाठी त्याला पुन्हा वाट मोकळी केली. बहिणीला मी आईच्या पत्रांविषयी फोनवर सांगितले तेव्हा ती थोडा वेळ गप्प झाली. मग म्हणाली, ‘आमच्या पेटीची किल्ली माझ्याच जुडग्यात असते. त्याला कप्प्याचा नंबरसुद्धा ठाऊक नाही.’ आणि हसली. म्हणजे दोष पेटीचा नव्हताच. पायऱ्या किती, अंतर किती, बर्फ किती, हे प्रश्न महत्त्वाचे आहेतच. त्यांच्या शेजारी किल्ली कोणाकडे, हाही एक प्रश्न मांडून ठेवावा, इतकेच मला वाटते.

पत्रांचा काळ संपला असे आपण बरीच वर्षे म्हणत आहोत. तार जुलै २०१३ मध्ये बंद झाली. रजिस्टर, जे निदान दारापर्यंत येई आणि सही मागे, ते २०२५ मध्ये स्पीड पोस्टात विलीन झाले. डेन्मार्कच्या टपाल संस्थेने तर २०२५ च्या अखेरीस पत्रे वाटणेच थांबवले. आणि गंमत अशी की दार पुन्हा वाजू लागले आहे. औषधे, भाज्या, कपडे घेऊन येणारी मुले दिवसभर वर येतात. ती घाईत असतात आणि त्यांना चार आकडी ओटीपीपलीकडे काही नको असते. माणूस दारात येतो, पत्र येत नाही.

गेल्या वर्षी आम्ही नव्या इमारतीत राहायला आलो. आता आमचे घर चौदाव्या मजल्यावर आहे. खाली संगमरवरी प्रवेशिकेत पोलादी टपालपेट्यांची एक भिंतच आहे, चकचकीत, नावे नसलेली, फक्त क्रमांक. बाबा २०१४ मध्ये गेले. सोसायटीच्या कचेरीतून नव्या पेटीच्या दोन्ही किल्ल्या मिळाल्या, त्या मी आईच्या हातात ठेवल्या. एक तिने मला परत दिली. दुसरी जुन्या किल्लीशेजारी जुडग्यात अडकवली.

रोज दुपारी दीडच्या सुमारास ती लिफ्टने खाली जाते. वॉचमन तिला ‘आजी, काही नाही आलं’ असे आधीच सांगतो, तरी ती पेटी उघडून पाहते. विम्याची नोटीस, बँकेचे पत्रक, एखाद्या क्लासची जाहिरात. त्यांतले काही अजूनही बाबांच्या नावाने येते. ते ती फोडत नाही. वर आणून जेवणाच्या टेबलावर ठेवते, आणि मी संध्याकाळी घरी आले की म्हणते, ‘बघ ग, ह्यांचं पत्र आलंय.’